फटाकडीने पकडलेला चोर

"सगळ्यात आधी शेवाळाची बाग!"

"छे! आधी बुलेट ट्रेन! खिडकीतून बर्फाचा डोंगर बघायचा!"

"आणि डोंगर ढगात असला तर?"

बैठकीच्या खोलीत जपानचा भलामोठा नकाशा पसरला होता आणि त्यावर तिघंजण पालथी पडून भांडत होती. बारा वर्षांची फटाकडी सगळ्यांत मोठी. जरा काही मनाविरुद्ध झालं की तडतडायची, म्हणून हे नाव. डोंगर ढगात असला तर काय, असं विचारणारा तिचा धाकटा भाऊ गोगलगाय. तो प्रत्येक गोष्ट सावकाश करायचा, अगदी विचारसुद्धा. तिसरा शेजारचा, सतत बडबडणारा रेडिओ. तो जपानला जाणारच नव्हता, पण बेत आखण्यात सगळ्यांच्या पुढे!

घरातली ही पहिलीच परदेशवारी होती. इमारतीच्या तळमजल्यावर टूरवाल्या काकूंचं छोटंसं ऑफिस होतं. त्यांनीच सगळं जुळवून आणलं होतं. जुन्या लाकडी सराईत मुक्काम, गवती चटयांवर झोपायचं, कागदाची सरकती दारं, एका आजीबाईंच्या घरी चहाचा सोहळा, मग डोंगराच्या पायथ्याचं तळं. त्या सराईत खोल्या मोजक्याच. काकूंनी मिनतवारी करून एक खोली उद्यापर्यंत धरून ठेवली होती. व्हिसाचे कागदही उद्याच द्यायचे होते.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"दादा!" तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली. "पासपोर्ट काकूंकडे दिलेस ना तू? त्या म्हणताहेत, मिळालेच नाहीत!"

मामा चहाचा कप घेऊन बाहेर आला. मामा बोलण्यात पटाईत आणि कामात धांदरट. "म्हणजे काय? परवाच दिले! दुपारी ऑफिस बंद होतं, म्हणून पाकीट दारातल्या झडपेतून आत टाकलं. शप्पथ!"

"परवा दुपारी?" रेडिओ ताडकन उठून बसला. "मी काकूंना बघितलं होतं! खाकी पाकीट पिशवीत कोंबलं आणि घाईघाईने निघून गेल्या!"

फटाकडीच्या कानात जणू वात पेटली. "आमचंही पाकीट खाकीच होतं! चला!"

"थांब ना, जरा विचार—" गोगलगाय म्हणाला. पण ती जिन्यावर पोचलीसुद्धा होती.

ऑफिसात काकूंसमोर कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक आणि त्यांची बायको बसले होते. वर्षानुवर्षं पहाटे उठून भट्टी पेटवणारे ते दोघं पहिल्यांदाच सुट्टीवर जायचं म्हणून आले होते.

"काकू, आमचे पासपोर्ट कुठे आहेत?" फटाकडी दारातूनच कडाडली.

"अगं, ते मला मिळालेच नाहीत. आत्ताच तुझ्या आईला—"

"खोटं! मामाने ते तुमच्या दारातून आत टाकले!"

"पण माझ्या दाराला तर—"

"तुम्ही पाकीट पिशवीत घातलेलं आमच्या रेडिओने पाहिलंय! तुम्ही चोर आहात! चोर!"

बेकरीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. "आम्ही नंतर येऊ," ते पुटपुटले आणि दोघं उठून निघून गेले. काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आपण चोर पकडला, या तोऱ्यात फटाकडी घरी आली. घरात गोगलगायने मामाला धरून ठेवलं होतं.

"मामा, तू पाकीट टाकलंस कसं, ते करून दाखव."

"त्यात काय करून दाखवायचं?"

"सगळं दाखव. घरातून निघालास तिथपासून."

मामाने कुरकुरत फोन कानाला लावला. "त्या वेळी साहेबांचा फोन चालू होता. हो साहेब… नाही साहेब… आज संध्याकाळपर्यंत देतो साहेब…" असं बोलत तो जिना उतरला. तिघं मागोमाग. डोळे छताकडे, तोंड चालू, अशा थाटात मामा खाली पोचला, एका दारापुढे थांबला, न बघताच वाकून दाराच्या तळाची झडप उचलली आणि हात आत सरकवला. झडप कर्रर्र वाजली.

"हं! हाच आवाज! म्हटलं होतं ना मी?"

"मामा," गोगलगाय शांतपणे म्हणाला, "हे घड्याळवाल्या आजोबांचं दुकान आहे. काकूंचं दार शेजारचं."

शेजारचं दार आरपार काचेचं होतं. त्याला झडप नव्हतीच.

फटाकडीला एकदम आठवलं. 'पण माझ्या दाराला तर—' काकूंचं ते वाक्य तिने पुरं होऊ दिलं नव्हतं. आणखी दोन शब्द ऐकले असते तर! काचेपलीकडे काकू पाठ करून बसल्या होत्या, आणि फटाकडीला तिकडे बघायचा धीर होईना.

रेडिओने जमिनीवर आडवं होऊन झडपेतून टॉर्च मारला. "दिसलं! पाकीट! आत फरशीवर!"

घड्याळवाले आजोबा लेकीकडे परगावी गेले होते, आणि किल्लीही त्यांच्याबरोबर गेली होती. आई-बाबा धावत आले. "कुलूप फोडू," मामा म्हणाला. "दुसऱ्याचं दुकान फोडतोस?" आई ओरडली. बाबा कुलूपवाल्याला फोन लावू लागले. मोठ्यांची अशी जुंपलेली असताना गोगलगाय वर जाऊन पडद्याची दांडी घेऊन आला. रेडिओने तिच्या टोकाला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी गुंडाळली. दांडी झडपेतून आत गेली, चुकली, घसरली, पुन्हा गेली.

"चिकटलं! हळू… हळू ओढ!"

पाकीट सरपटत दारापाशी आलं. फटाकडीने झडपेत हात घालून ते बाहेर काढलं. चारही पासपोर्ट सुखरूप! जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास पठ्ठ्यांनो!" बाबा म्हणाले.

"फटाकडीने केस सोडवली होऽऽ!" रेडिओ गर्जला.

"मी नाही सोडवली," ती म्हणाली. पण कुणाला ऐकूच गेलं नाही. एकेक टाळी तिला चापटीसारखी लागत होती. ती पाकीट छातीशी धरून काचेच्या दारातून आत गेली. मागून दोघं आले.

काकू फोनवर होत्या. इंग्रजीत, सावकाश बोलत होत्या. "कृपा करून ती खोली कुणाला देऊ नका. हो, कागदांची थोडी अडचण झालीय. फार चांगलं कुटुंब आहे. मुलं केव्हाची वाट बघताहेत."

ज्यांना तिने चोर म्हटलं, त्या तिच्यासाठीच गळ घालत होत्या! फटाकडीला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण आत जावं.

"काकू…" तिने पाकीट पुढे केलं. "पासपोर्ट शेजारच्या दुकानात पडले होते. चूक मामाची. पण… तुम्हाला चोर मी म्हटलं. तुमचं बोलणं पुरं ऐकूनही घेतलं नाही. माझं फार चुकलं."

"मीही चुकलो," रेडिओ पुटपुटला. "अर्धवट बघितलं आणि पुरं सांगितलं."

काकूंनी पाकीट घेतलं. "याने बघितलं ते पाकीट दुसरंच होतं, कुरिअरला द्यायचं. असो, सापडले हे बरं झालं. पण तू मला चोर म्हणालीस ते आणखी दोघांनी ऐकलंय. आता म्हणालीस ते त्यांनी कुठे ऐकलं?"

फटाकडीला सगळं समजलं. बेकरी रस्त्याच्या टोकालाच होती, पण तो रस्ता तिला संपता संपेना. परत फिरावं असं कितीदा तरी वाटलं. बेकरीत गिऱ्हाइकांची रांग होती. सगळे वळून बघू लागले.

"मघाशी मी टूरवाल्या काकूंना चोर म्हटलं," ती एका दमात म्हणाली. "ते खोटं होतं. त्यांनी काहीच केलेलं नाही. त्या आमच्यासाठी अजूनही धडपडताहेत."

बेकरीवाल्या मावशींनी पिठाचे हात पुसले. "कुणी पाठवलं तुला?"

"काकूंनी. म्हणजे, मलाही यायचं होतं. नाही, खरं तर यायचं नव्हतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण आले."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. "काकूंना सांग, संध्याकाळी आम्ही दोघं येतो."

संध्याकाळी ते खरंच आले. काकूंच्या ऑफिसात आई-बाबा सह्या करत होते, मामा खाली मान घालून सगळ्यांना पाणी देत होता.

"ह्या दोघांनी पाकीट शोधलं," काकू पाहुण्यांना म्हणाल्या. "असा शांत डोक्याचा मुलगा आणि असा खटपट्या दोस्त हवाच! आणि हिने जे केलं ना, ते आम्हा मोठ्यांनाही सहसा जमत नाही."

आईने फटाकडीच्या पाठीवर हात ठेवला. कौतुक होत होतं, तरी तिची नजर वर होईना. तिने हळूच एक खुर्ची ओढून बेकरीवाल्या मावशींना दिली.

"बस गं माझ्याजवळ," मावशी म्हणाल्या. "आम्हाला कुठे जावं कळत नाहीये. तुम्ही कुठे निघालात?"

"जपानला," फटाकडी म्हणाली. अगदी हळू आवाजात, न तडतडता. आणि मग मावशी काय विचारतात, ते ऐकायला ती गप्प बसली.