चीर जिथं संपते

रोडपालीच्या सर्व्हिस रोडला जगनची रेडिएटर दुरुस्तीची शेड आहे. ही गोष्ट तिथली, आणि तीही भर दुपारची. भुतं अंधाराची वाट बघतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तो माणूस पनवेलच्या उन्हात कधी उभा राहिलेला नाही. माझ्या गोष्टीत पदरचं मीठ जरा जास्त असतं, हे सगळी रोडपाली जाणते. या गोष्टीला मात्र मीठ लागलं नाही. ही मुळातच गोड आहे. कशी गोड, ते कळेलच.

तर भावेश आपलं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन शेडपुढं उभा राहिला. भावेश हा जगनचा चुलतभाऊ. दोघांच्या जमिनी एकाच बांधाच्या. जगनच्या बापाने घाईने विकली, भावेशच्या बापाने दम धरून विकली. त्या दमावर भावेश बिल्डर झाला आणि जगन लोकांच्या गाड्यांखाली पाठ टेकून राहिला.

"जगनदादा, कूलंट गळतंय बघ. सकाळी निघायचं हाय आमाला."

"तुझ्या बंगल्याला पण गळती लागली काय रं?"

"टोमणे मागनं मार. काकीला नेतोय मी. घाटात गाडी उकळली तर तुझ्याच आईला धक्का मारायला लावीन."

जगनचा पाना हातातच राहिला. काकी म्हणजे त्याचीच आई, शांती. पातळगंगेकाठचं आपटा हे तिचं माहेर. तिथं घेऊन चल म्हणून तिने जगनला कितीदा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी तो 'बघू' म्हणाला होता. आता पहिला मुक्काम आपट्याला, मग पुढं गोवा. आणि म्हातारी पुढच्याच सीटवर बसणार होती, इंजिनाला खेटून, कारण तिला रस्ता बघायचा होता.

जगनने बोनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून गुलाबी कूलंट झिरपत होतं, अगदी लग्नातल्या सरबतासारखं. खाली सांडलेल्या थेंबांना मुंग्या लागल्या होत्या. ते असतं विषारी, पण वास गोड येतो.

जगनच्या मनात जळफळाट होता. हात मात्र इमानी होते. चीर जिथं संपते तिथं त्याने बारीक भोक पाडलं. तसं केलं की ती पुढं पळत नाही. मग तापलेल्या सोल्डर गनने स्टीलची जाळी प्लास्टिकात दाबून बसवली, वरून प्लास्टिकची कांडी वितळवून लेप दिला. सगळी तोंडं बुचांनी बंद केली, हवा भरली आणि रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. त्याने रेडिएटर परत गाडीत बसवला आणि कूलंट भरलं.

गाडी बघायला आलेली आई आत सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. भावेश तिला बटण दाबून पडदे कसे सरकतात ते दाखवत होता.

"काकी, आता तू माझीच हां! याला परत देणार नाय."

आई पदर तोंडाला लावून हसली. असं खदखदून हसलेली जगनने तिला कधी बघितली नव्हती. उघड्या बोनेटवर हात ठेवून तो बाजूच्या काचेतून तिच्याकडं बघत राहिला, आणि मग त्याची नजर हळूच खाली टाकीवर उतरली.

टिक.

पिकली शेंग उन्हात तडकावी तेवढाच आवाज. मग गुलाबी थेंब... टप... टप...

"काय रं दादा, केलंस काय मग इतका येळ?" भावेशने आतून विचारलं.

जगनने रेडिएटर परत उतरवला. नवी चीर त्याच्या जोडापासून हातभर लांब होती. तीही जोडली. परत हौद. पाणी आरशासारखं स्थिर. आतून आईचा आवाज आला, "माझा जगन पण करतो हो काम बरं. पण तुझी सर नाय बाबा."

जगन पाण्यात बघत होता. तो जिथं बघत होता नेमक्या त्याच जागी एक बुडबुडा आला.

त्याने नजर डावीकडं सरकवली. बुडबुडा डावीकडं सरकला. उजवीकडं नेली... पाण्याखाली टिक झालं आणि बुडबुड्यांची माळ उजवीकडून वर आली. त्याने डोळे मिटले. शेडवरचा पत्रा उन्हाने ताणला जात होता तेवढाच आवाज. डोळे उघडले.

बुडबुड... बुडबुड...

तेवढ्यात त्याची बायको शकू डबा घेऊन आली. टाकीला पुन्हा पुन्हा चीर पडते हे ऐकून ती म्हणाली, "दृष्ट लागली असंल. येवढी मोठी गाडी, लागणारच." तिने घमेल्यात कोळसे पेटवले, मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या बोनेटवरून उतरवून निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर समजायचं, नजर जबर आहे.

मिरच्या काळ्या झाल्या. धूर सगळ्यांच्या तोंडावर आला. आई शिंकली नाही. शकू खोकली नाही.

"सगळ्या पनवेलची नजर हाय माझ्यावर!" भावेश खूश होऊन म्हणाला.

आणि जगनला ठसका लागला. एकट्यालाच. असा, की तो शेडच्या मागं जाऊन वाकला. शकू पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेली. तो थुंकला ते गुलाबी होतं.

"आवो... तुमालाच कसा लागला?"

जगन तिच्याकडं बघेना. "मी बघितलं की फुटतंय, शकू. सकाळी आई पुढं बसणार. घाटात टाकी फुटली तर उकळतं पाणी तिच्या अंगावर..."

"मग नका ना जळू."

"जमत असतं तर..."

शकूने त्याच्या गळ्यातला गमछा काढला आणि त्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधला. मग त्या दुपारी रोडपालीने एक नवल पाहिलं. आंधळी कोशिंबीर खेळतोय तसा जगन मिस्त्री टाकी जोडत होता. बोटांनी चीर चाचपायची, भोक पाडायचं, जाळी दाबायची, आणि शकू कानाशी, "थोडं डावीकडं... बास... आता बोट काढा, भाजंल." दोनदा भाजलंही. हौदावर शकूने बघितलं. पाणी शांत राहिलं. इतका वेळ कामाला बोटही न लावलेला भावेश म्हणाला, "दादा, शो करतो काय रं?"

सकाळी गाडी निघाली तेव्हाही गमछा डोळ्यांवर होता. इंजिन सुरू झालं. काच खाली सरकल्याचा आवाज आला.

"जगन, बघ की रं! तुझी आई कशी राणीवानी बसलीय बघ!"

जगनने तोंड फिरवलं.

"रुसलास व्हय? एकदा बघ ना... मना बरं वाटंल."

त्याने गमछ्याची गाठ मुठीत धरली, सुटू नये म्हणून. गाडीचा आवाज सर्व्हिस रोडवरून हायवेला लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग शकूने गाठ सोडली. गमछा ओला होता. डोळ्यांच्या जागी दोन गुलाबी डाग पडले होते.

गाडी आपट्याला गेली, गोव्याला गेली. थेंबभरही गळली नाही. इकडं मात्र रोज सकाळी जगनच्या उशीवर मुंग्यांची रांग असायची, थेट पापण्यांपर्यंत आलेली. शकू पदराने त्या टिपायची आणि कुणाला सांगायची नाही. मला कसं कळलं ते विचारू नका.

आई परत आली ती तोंडभर गोष्टी घेऊन. ओटीवरच्या खुर्चीत बसून सांगत राहिली. आपट्याच्या नदीत पाय सोडून बसले, भावेशने स्वतःच्या हाताने चहा करून दिला, माहेरची माणसं गाडी बघायला जमली. जगन समोर डोळे मिटून बसला होता.

"पुढच्या वर्षी पण नेतो म्हणलाय. पोटचा असता तरी येवढं केलं नसतं बघ."

जगनचे डोळे उघडले. पुढं ना टाकी होती, ना गाडी. पुढं फक्त आई होती.

टिक.

"काय वाजलं गं?" आईने विचारलं. शकूने ओटीवरच्या पत्र्याकडं बोट दाखवलं आणि म्हातारीला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगनच्या उशीवर एकही मुंगी नव्हती. शकूला बरं वाटलं. मग तिला रांग दिसली. उंबऱ्यावरून वळून, भिंतीकडेने, ती आईच्या खाटेवर चढत होती.

"आई... तुमाला काय होतंय का?"

"नाय गं," आई कूस बदलत म्हणाली. "नुसतं आतनं कुठंतरी ओलं ओलं वाटतंय."