करडा नीलपंख

पत्ता-परीक्षण केंद्राच्या मेजावर सांगलीहून आलेला ‘नीलपंख’ हा खेळातला पत्ता ठेवला होता, आणि त्यावरच्या पक्ष्याचे पंख राखेसारखे करडे होते.

केंद्राचे संस्थापक श्रीरंग टिकेकर यांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि बनावट म्हणून परत पाठवायला सांगितलं. स्फटिकशास्त्रज्ञ डॉ. सरिता चक्रनारायण हिने मात्र तो ठेवून घेतला. पत्ता ज्या पारदर्शक कवचात होता ते कवच याच केंद्राचं होतं, दोन वर्षांपूर्वी याच मेजावर बंद झालेलं. त्याचं सील शाबूत होतं.

‘रानवा’ हा पत्त्यांचा खेळ तोवर देशोदेशी पोचला होता. सह्याद्रीतले प्राणी, पक्षी, झाडं आणि ऋतू यांचे पत्ते जमवून प्रत्येकाने आपलं रान उभं करायचं आणि समोरच्याच्या रानावर मात करायची. खेळातल्या पक्ष्यांना एक खास निळी शाई लावलेली असे. पत्ता जरा तिरका केला की ती लखलखे आणि पक्ष्याने पंख हलवल्याचा भास होई. बहुतेक पक्ष्यांवर तिचा एखादा फटकारा असायचा. नीलपंखाचे मात्र अख्खे पंख तिचेच होते. तो एकाच छपाईत निघाला होता आणि मिळता मिळत नव्हता.

केंद्राचं काम अशा पत्त्यांच्या कडा, कोपरे आणि छपाई तपासून गुण देण्याचं, आणि मग ते कवचात बंद करण्याचं. एकदा पूर्ण गुणांचा शिक्का बसला की पत्त्याची किंमत कित्येक पटींनी चढे, आणि पुन्हा त्याला माणसाचा हात लागत नसे.

या पत्त्याचे मालक अस्लम मुजावर यांचं सांगलीत खेळांचं दुकान होतं. त्यांनी नीलपंख विकायला कधी काढलाच नव्हता. तो दुकानाच्या भिंतीवर टांगलेला असे, आणि आसपासच्या गावांतली मुलं केवळ तो पाहायला येत. आता तीच मुलं आपसांत कुजबुजत होती, की चाचांनी खरा पत्ता विकून टाकला आणि खोटा टांगला. अस्लमभाईंनी फोनवर सरिताला सांगितलं, की पत्ता गेला तर गेला, पण माझ्या नावाला लागलेला डाग तेवढा पुसून द्या.

सरिताने कागद तपासला, छपाई तपासली. दोन्ही अस्सल होतं. शाईतला रेणूही तोच निघाला, कणभरही फरक नाही. तरीही शाई करडी होती. तुलनेला मूळ निळा पदार्थ हवा होता, पण शाई बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. शोध घेतल्यावर कळलं, की तो रेणू मुळात शाईसाठी नव्हताच. ते लहान मुलांच्या फिट्सवरचं औषध होतं. घाटाखालच्या एकाच कारखान्यात ते तयार होई, आणि कसोटीला न उतरलेला माल शाईवाले घेऊन जात. चुकून पत्ता तोंडात गेला तरी मुलाला अपाय नाही, म्हणून खेळ काढणाऱ्यांनी ती शाई निवडली होती.

सरिता स्वतः कारखान्यात गेली. उत्पादनप्रमुख मंदाकिनी वझे यांना तिच्या पत्त्याची हकीकत ऐकून मजा वाटली. त्यांनी तिला सगळा कारखाना हिंडून दाखवला. स्फटिकगृहात मोठ्या पात्रांच्या तळाशी मोरचुदासारखी निळी भुकटी साठत होती. वझेबाईंनी तिला त्यातली एक बाटली भरून दिली.

परत आल्यावर सरिताने त्या भुकटीवर करड्या शाईचा एक कण टाकला आणि झाकण लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळी भुकटी करडी झाली होती. तिने टिकेकरांना बोलावलं.

“म्हणजे शाई बिघडली?” त्यांनी विचारलं.

“उलट ती पक्की झाली. रेणू तेच आहेत, फक्त त्यांची रचून बसण्याची रीत बदललीय. निळ्या रूपात ते सैलसर रचलेले असतात. करड्या रूपात एकमेकांना घट्ट धरून बसतात, आणि एकदा तसे बसले की सुटायला मागत नाहीत.”

“मग इतकी वर्षं निळे कसे राहिले?”

“तसं बसून दाखवणारा पहिला कण जगात नव्हता म्हणून. पाक कसा नितळ असतो, पण साखरेचा दाणा पडला की सगळा साखरतो. इथे तो दाणा कुठेतरी योगायोगाने तयार झाला. उन्हात तापलेल्या एखाद्या पार्सलात झाला असेल. आता तो आहे, आणि तो शिवेल तिथलं निळं करडं होणार. मी याला बीजबाधा म्हणतेय.”

टिकेकरांनी कवच उचलून त्याचं सील पाहिलं. मग त्यांनी विचारलं, की सीलबंद कवचात हा कण शिरला कसा. सरिताने तपासणीयंत्राकडे पाहिलं. कवचात घालण्याआधी प्रत्येक पत्त्यावरची धूळ झटकणारा मऊ कुंचला त्यात फिरत होता. इथे आलेल्या प्रत्येक पत्त्यावरून तो फिरला होता, आणि त्यातल्याच एखाद्यावरून त्याने कण उचलला असणार. वाळलेल्या शाईत बाधा भुकटीपेक्षा फार हळू पसरते, म्हणून दोन वर्षं काही दिसलं नव्हतं.

टिकेकरांनी उठून यंत्र बंद केलं. गाजावाजा न करता काही करता येईल का, असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं. सरिता म्हणाली की ज्यांनी विश्वासाने पत्ते पाठवले त्यांना सांगावंच लागेल. त्यांनी पुढे वाद घातला नाही. केंद्राने सगळं जाहीर केलं.

त्यानंतर जे घडलं ते दोघांनाही सुचलं नव्हतं. केंद्राच्या कवचातला पत्ता कुणी घेईना. शाळकरी पोरांच्या खिशातले, रबरबँड लावलेले, कोपरे दुमडलेले पत्ते मात्र अजून निळे होते, आणि संग्राहक त्यांच्यामागे धावू लागले. ज्यांचे पत्ते कवचात होते त्यांनी ते वाचवायच्या घाईत घरोघरी कवचं फोडली. आत अडकलेले कण बाहेर पडले. आधी जे फक्त काही कपाटांत होतं, ते आता घरांत, शाळांत आणि खेळाच्या मेजांवर उडालं.

अस्लमभाईंचं नाव साफ करायला सरिता सांगलीला गेली. दुकानात मुलं खेळत होती. उंबऱ्याशी पोचल्यावर ती थांबली आणि तिथूनच मुलांना म्हणाली, की भिंतीवरचा पत्ता खरा होता, तो आमच्या हातून गेला, चाचांनी काही केलं नाही. मुलं खाली बघत ऐकत राहिली. मग त्यांच्यातली एक मुलगी उठली आणि अस्लमभाईंचा हात धरून उभी राहिली.

“आत या ना, मॅडम,” अस्लमभाई म्हणाले. “चहा सांगितलाय.”

“नको. माझ्या कपड्यांना, केसांना ते कण असणार. तुमचे बाकीचे पत्ते अजून निळे आहेत.”

पाहुण्याला दारात उभं ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी एक स्टूल बाहेर आणून ठेवलं, चहाही बाहेरच दिला, आणि अशाने तुम्ही कुठं जाणार-येणार तरी कशा, असं हळहळून म्हणाले. सरिता हसली. मग तिच्या हातातला कप तसाच राहिला. तिला कारखान्याचं स्फटिकगृह आठवलं. ती तिथे गेली ती करडा पत्ता हाताळून झाल्यावर गेली होती.

तिने तिथूनच वझेबाईंना फोन लावला. त्यांनी तिला बोलूच दिलं नाही. त्या म्हणाल्या, मीच तुम्हाला फोन करणार होते. पात्रात करडा माल उतरतोय.

पात्रं धुतली, गृह सील केलं, भिंती खरवडल्या. पुन्हा करडंच उतरलं. करडी गोळी पोटात विरघळत नव्हती. गिळलेल्या खड्यासारखी जशीच्या तशी बाहेर पडत होती. पातळ औषध करून पाहिलं, तर बाटलीच्या तळाला करडा गाळ बसला. दुकानांतला जुना साठा संपत आला आणि वर्षानुवर्षं शांत असलेल्या मुलांना पुन्हा फिट्स येऊ लागल्या. चौकशी बसली तेव्हा सरिताने काही लपवलं नाही. बीज कारखान्यात आपणच नेलं, हे तिने आपल्या तोंडाने सांगितलं. शिक्षा काय करायची हे कुणालाच ठरवता आलं नाही, कारण उपाय सांगू शकणारीही तीच होती.

तिने उपाय सांगितला. जिथे हा खेळ पोचलेला नाही अशा ठिकाणी नवा कारखाना काढायचा. लडाखमधल्या एका कोरड्या पठारावर तो उभा राहिला. वझेबाई किंवा सरिता तिकडे फिरकल्या नाहीत. सगळं शिक्षण पडद्यावरून दिलं. पहिल्याच खेपेला भुकटी निळी उतरली. पडद्यावर ती पाहताना वझेबाई रडल्या. प्रत्येक गोळी वेगळ्या वेष्टनात बंद झाली, आणि वेष्टन फोडताच मुलाला द्यायची, अशी सूचना आईबापांना गेली.

महिन्याभराने नागपूरहून मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नूपुर देशभ्रतार यांचा फोन आला. त्यांचा आवाज थकलेला होता. काही मुलं अगदी ठणठणीत झाली होती. पण बऱ्याच जणांना नव्या गोळीचा काहीच उपयोग नव्हता, आणि त्यांच्या रक्तात औषधाचा मागमूसही नव्हता.

“गोळी करडी झाली असेल,” सरिता म्हणाली.

“नाही. मी स्वतः वेष्टनं फोडून पाहिलीत. निळीशार आहे. इथे काचेच्या नळीत टाकली तर छान विरघळते.”

आता सरिताला उलगडलं. नळी स्वच्छ होती, म्हणून तिथे विरघळलेला रेणू विरघळलेलाच राहत होता.

“डॉक्टर, गोळी या मुलांच्याही पोटात विरघळत असणार,” ती म्हणाली. “पण रक्तात शोषली जायच्या आत ती तिथेच करडी होऊन परत बसत असेल. त्याला एकच गोष्ट लागते. पोटात आधीच बीज असावं लागतं.”

“पोटात कसं जाईल ते?”

“बोटांवरून. या मुलांच्या आयांना एवढं विचारा, की मूल रानवा खेळतं का.”

फोनमधून पावलांचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. पलीकडे मुलांचा कलकलाट होता. कुणीतरी कुणाचं तरी रान जिंकलं होतं. डॉ. देशभ्रतार बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू होता.

“विचारायची गरज नाही. नंबर येईपर्यंत मुलांचा वेळ जावा म्हणून रानवाच्या पत्त्यांचा डबा आम्हीच ठेवलाय इथे. सगळी खेळतायत.” त्या थांबल्या. “आणि पत्ता उचलायच्या आधी प्रत्येक जण बोट जिभेला लावतोय.”