दोघांचा फोटो

ही माझ्या नवऱ्याची, रतनची गोष्ट. मी तिथे शेजारीच उभी होते, म्हणून खात्रीने सांगते. कुणाला पटलं नाही तरी माझी हरकत नाही.

२००७ चा जानेवारी. रविवार, भर दुपार. लोणी काळभोरच्या पुढे, रस्त्यालगतची एक वस्ती.

रतन तेव्हा खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. सुट्टीला आम्ही बाईकवर भटकायचो आणि तो वाटेत भेटलेल्या माणसांचे फोटो काढायचा. आधी माणसाशी बोलायचं, मग कॅमेरा काढायचा, हा त्याचाच नियम.

अंगणात बाजेवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. वेणूबाई. एकट्याच.

फोटो म्हटल्यावर त्यांनी पदर नीट केला. मग सरकून शेजारी जागा केली.

"आमच्या मालकांचा बी काढा. दोघांचा एकत्र कवा निघालाच न्हाई."

आम्ही वाट पाहिली.

घरातून कुणीच आलं नाही.

वेणूबाई मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघून लाजत होत्या...

रतनने मला डोळा मारला. आणि फक्त त्यांचा चेहरा टिपला.

त्याच क्षणी... बाज करकरली.

वेणूबाई हललेल्याही नव्हत्या.

"आलो का दोघं?"

"हो आजी. दोघंही आलात."

फोटो अप्रतिम होता. ऑफिसच्या प्रदर्शनात तो मोठा करून लावला. लोक थांबून बघायचे.

मग रतनने धायरीला, आमच्या घरी माझा फोटो काढला. मी मधोमध बसले होते.

फोटोत मी... एका कडेला.

सासूबाईंचा काढला. तसाच. मित्राचा काढला. तसाच.

दर वेळी शेजारी एका माणसापुरती जागा.

रतनचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी फोटोची प्रत घेऊन आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो.

वेणूबाईंनी फोटो निरखला. उलटून मागची बाजूही पाहिली.

"ह्यात त्ये कुठं हायत?"

रतनची मान खाली गेली. त्या दिवशी खोटं बोललो, एवढंच तो कसाबसा म्हणाला.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी तुमच्यासंगं गेले व्हय... त्या दिसापासनं घरात न्हाईत."

मी वळून बाईकच्या मागच्या सीटकडे पाहिलं.

रतन बाईकपाशी गेला. रिकाम्या सीटसमोर हात जोडून उभा राहिला. शेजारपाजारचे बघत होते, त्याला भान नव्हतं.

"बाबा, चुकलं माझं. घर आलंय. उतरता ना?"

कसलाच आवाज नाही...

वेणूबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या.

ते उतरले की नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि विचारायला आम्हाला तोंड नव्हतं. आजही नाही.