बंद जिनाची घुंघुं

ऐकीव म्हणून सोडून देऊ नका. वच्छलाबाईंनी हे स्वतः भोगलं, आणि सांगताना एकदाही शब्द फिरवला नाही.

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना कापसाचं एक जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होतं. हंगामात त्याचं इंजिन रात्रंदिवस चाले. त्याच्या कुंपणाच्या आतच, कडेच्या वावरात वच्छला आणि तिचा नवरा गोवर्धन वांगी-मेथी लावत आणि तिथेच झोपडीत राहत.

१९३१ साली कापसाचे भाव पडले. जीन बंद झालं. इंजिनाचे पट्टे उतरवले. सगळीकडे शांत शांत.

आणि वच्छलाची झोप उडाली.

कानावर काही पडत नसे. छातीत मात्र... घुं... घुं... घुं...

माठातल्या पाण्यावर बारीक थरथर उठे. बाकी भांडी जागची हलत नसत.

"अवो, तुमाले काई ऐकू येते का?"

"कायचं? इंजिन तं थंड पडून हाये." एवढं बोलून गोवर्धन पुन्हा गाढ झोपे.

तिचं कशातच लक्ष लागेना. भाजीत दोनदा मीठ पडे. एका दुपारी विहिरीवर दोर ओढता ओढता ती तशीच थिजली. गोवर्धनने दंड धरून मागे खेचलं, तेव्हा तिचं एक पाऊल काठाबाहेर होतं.

तेव्हाच तिला जाणवलं... जिनाच्या कुंपणावर एक कावळासुद्धा बसत नव्हता.

तिने हट्ट धरला, तेव्हा जिनाचे चौकीदार नत्थुजींनी दोघांना इंजिनघर उघडून दाखवलं.

"पाह्य, पोरी. गंजून राहिलं."

तिने लोखंडाला तळहात लावला. गार. निपचित.

थरथर तिच्या मागून येत होती...

मागे फक्त गोवर्धन उभा होता.

तिने त्याच दिवशी निरोप धाडून भावाला, शेषरावला, बोलावलं. तो दोघांना नांदगाव खंडेश्वरला आपल्या घरी घेऊन गेला. तिथे वच्छला लहान पोरासारखी झोपली.

आता गोवर्धन जागा. जमिनीला कान लावून पडून राही.

"वच्छले, बंद कावून झालं वं ते?"

एका सकाळी त्याची वाकळ रिकामी होती.

वच्छला आणि शेषराव बैलबंडी जुंपून शोधत निघाले; तो सापडला थेट जिनाच्या इंजिनघरात. इंजिनाला पाठ टेकून झोपलेला. चेहऱ्यावर इतकं सुख की तिला शहारा आला. हाका मारल्या, हलवलं. जाग नाही. शेषरावने त्याला उचलून बंडीत घातलं.

बंडी कुंपणापलीकडे गेली आणि त्याचा श्वास थांबला.

वच्छलाने नाकाखाली बोटं धरली. काही नाही...

"दादा, बंडी फिरव! मांगं फिरव!"

बैल वळले. बंडी फाटकाच्या आत येताच त्याची छाती वर आली. सावकाश.

घुं...

शेषरावने पुन्हा एकदा नेऊन पाहिलं. पुन्हा तेच.

मग वच्छला बंडीतून उतरली. "तू जाय, दादा. आमी इथंच राहतो."

संध्याकाळी गोवर्धन आपणहून उठला आणि भाकर मागितली. झाल्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानंतर मात्र तो कुंपणाबाहेर कधी गेला नाही. बाजाराची टोपली वच्छलाच डोक्यावर नेई. डोळे जागरणाने तांबारलेले. येताना धावतच येई.

बाया विचारत, "तिथं राहाले भेव नाई वाटत तुले?"

"वाटते न," ती म्हणे. "पन ते बंद पडन याचं... जास्त वाटते."