करंट गेल्यावरचा माग

"आक्का, खरं सांग, फिरायला जाताना तुझ्यासंगं कोण असतंय?"

हे विचारायची माझी छाती होणार नाही, अशी पैज मंगलनं आमच्या अख्ख्या बाकासमोर लावली होती. पण वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कशाला भिते? रक्षाआक्का, माझी थोरली बहीण, जर्मनीत नर्स आहे. दर रविवारी ती रेल्वेनं एखादं जुनं गाव बघायला जाते, संध्याकाळी परतते, आणि मधेच आम्हाला व्हिडिओ कॉल लावते. दगडी रस्ते, वेशी, उतरत्या छपरांची घरं, चर्चचा मनोरा. एवढं एकटं कोण फिरतं? मंगलचं म्हणणं, कुणीतरी असणारच.

त्या रविवारी आमची जेवणं झाली होती. आमचं घर बेळगावच्या वडगावात. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत पॉवरलूम. गल्लीत घरोघरी तेच. दिवसभर खडखड चालते, ताकाच्या वाटीत वर्तुळं उमटतात. आम्ही ओरडूनच बोलतो. परगावचे पाहुणे विचारतात, भांडताय काय? आम्हाला मात्र मागाचा आवाज ऐकूच येत नाही. सवयच झालीय.

"कोण असणार गं?" आक्का हसली. "रविवारी इथं सगळी दुकानं बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा न्हाय. कुणी शिकवलं तुला हे?"

"मंगलनं."

"तिला म्हणावं, कुणी गावला की कळवते."

आई फोनमध्ये डोकावली. "तोंड बघ कसं सुकलंय. जेवत्यास का न्हाय?"

"जेवते की. आई, एक सांगू? कुठल्याबी गावात उतरले तरी मला वाट विचारावी लागत न्हाय. पाय आपसूक वळतात. आजचं गाव तर लई ओळखीचं वाटतंय."

तेवढ्यात करंट गेला.

वडगावात करंट जातो म्हणजे काय होतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. एकटाच माग थांबत नाही, अख्खी गल्ली थांबते. कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतं. शेजारच्या घरात कुणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं. आप्पा, आमचे वडील, हात पुसत मागच्या खोलीतून बाहेर आले.

आणि माग चालूच होता.

सट्, धप्. सट्, धप्.

मी मागच्या खोलीत डोकावले. सगळे माग गप्प उभे होते. आवाज माझ्या हातातल्या फोनमधून येत होता.

"आक्का, तिथं माग कुठला?"

"माग? तुमचाच की. दर रविवारी येतोय ऐकू. बरं वाटतंय मला."

"आमचा करंट गेलाय."

तिनं मान वळवली. नुसती बघत राहिली, माझ्याकडे नाही, बाजूला.

आप्पांनी फोन घेऊन कानाला लावला आणि डोळे मिटले. "हातमाग हाय," ते म्हणाले. "खड्ड्यातला. पावडी वाजत्या."

खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबत विणायचे ते माग आमच्या घरातून माझ्या जन्माआधीच गेले, खड्डे बुजवून वर फरशी बसवली. मी आईच्या फोनवर आक्कानं गावागावातून पाठवलेले जुने व्हिडिओ काढले. आजवर आम्ही ते नुसते बघितले होते, या खडखडाटात ऐकले कधीच नव्हते. प्रत्येकात तो ठोका होता. पहिल्या गावात विणणाऱ्याचा हात पळत होता. मागच्या रविवारी मंदावला होता. आज दोन ठोक्यांच्या मधे मोठा खंड पडत होता.

"साडीचं अंग विणून झालंय," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "आता रंगीत सुताचे धोटे बदलतोय. पदराला लागलाय."

"म्हणजे?"

"पदर झाला की साडी उतरायची."

"कुणासाठी?" आईनं विचारलं.

आप्पा फोनमधल्या आक्काकडे बघत राहिले.

"आप्पा," फोनमधून आक्का म्हणाली, "आवाज इथनंच येतोय. समोर दार हाय. उघडं."

तिनं कॅमेरा फिरवला. अरुंद बोळ, ओले दगड, शेवटी एक ठेंगणं दार आणि आत अंधार. दाराबाहेर दोरीवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या. आमच्या गल्लीत घालतात तशाच. चित्र हलत होतं. ती चालत होती.

"रक्षा, माघारी फिर," आई म्हणाली.

"फिरते की," आक्का म्हणाली.

दार जवळ येतच राहिलं.

पदराला लागलं की आप्पांशी कुणी बोलायचं नसतं. नक्षी चुकते, मग सगळं उसवावं लागतं. या बडबडीपायी मी लहानपणी मार खाल्लाय. ते आठवलं आणि मी आप्पांच्या हातातून फोन ओढून घेतला. मला जे सगळ्यात चांगलं जमतं ते सुरू केलं. बोलायला लागले. मोठ्यानं. मी भाग्यलक्ष्मी, दहावी ब. स्पर्धेतलं भाषण, बक्षिसाचा कप, मंगलची पैज, गणिताच्या बाईंचा राग, जे तोंडाला येईल ते.

ठोका चुकला.

मग थांबला.

कुणीतरी ऐकत होतं.

थोड्या वेळानं नुसती पावडी वाजू लागली. ठोका नाही, धोटा नाही.

"उसवतोय," आप्पा पुटपुटले. "बोल. थांबू नको."

फोनमधलं चित्र वळलं. दार मागे गेलं. मी बोलत राहिले. चौक, पूल, स्टेशनची पाटी. घशाला कोरड पडली, आईनं तोंडाला तांब्या लावला, एक घोट घेतला की पुढचं वाक्य. शेवटी गाडीची खिडकी दिसली.

"बसले," आक्का म्हणाली. आवाज झोपेतून उठल्यासारखा. "मी कुठं चालले होते गं?"

रेंज गेली. कॉल कट झाला. आई भिंतीला टेकून खाली बसली. मी गप्प झाले.

सट्, धप्.

फोन काळा होता. करंट अजून आलेला नव्हता.

आप्पा मागच्या खोलीत जाऊन वाकले आणि बुजवलेल्या खड्ड्यावरच्या फरशीला तळहात लावला. तसाच ठेवला. ठोका खालून येत होता.

"तू तुझं नाव सांगितलंस त्याला," आई म्हणाली. "आता तुझ्यासाठी विणतोय."

मी आत गेले आणि आप्पांच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले.

"करंट आला तरी माग चालू करायचे न्हाईत," मी दोघांना सांगितलं. "मी इथं बसून बोलत राहणार. माझा आवाज थांबला, तर आधी आक्काला फोन लावा, तिला त्या दाराकडं जाऊ देऊ नका."