दोन मिनिटं थांब

वीज गेली होती, म्हणून लेथ बंद होतं... आणि म्हणूनच मयुरीला दारात पिकअप थांबल्याचा आवाज ऐकू आला. एरवी धुळ्यातल्या देवपूरच्या त्या वर्कशॉपमध्ये शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं.

उतरला तो तिशीच्या आतला, उन्हानं लालबुंद झालेला. मागे ताडपत्रीत गुंडाळलेला इंजिनाचा ब्लॉक.

"जीवराम आबा आहेत का?"

"वडील जेवून झोपलेत. काय झालंय ते मला दाखवा."

त्यानं जरा संशयानंच ताडपत्री सोडली. मयुरीनं टॉर्च मारला, सिलिंडरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"चीर पडलीय. टर्बो बसवला होतात ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ॲल्युमिनियमचा हलका ब्लॉक, त्यात पातळ भिंती... आणि तुम्ही टर्बोनं जास्तीची हवा कोंबून दाब वाढवलात. बिचारं किती सोसणार?"

"पण पळायचं काय!" तो हसला. "तुम्ही एकदा बसून बघायला हवं होतं."

तो हितेंद्र. सावद्याला केळीची बाग, आणि मोटारींच्या शर्यतींचं वेड. मयुरीनं त्याला कोपऱ्यातलं दुसरं इंजिन दाखवलं. तेही चार सिलिंडरचंच, पण लोखंडी ब्लॉकचं. एका जुन्या गाडीतून काढलेलं.

"हे? हे तर बैलगाडीचं वाटतंय!"

"वजनाला जड आहे, उशिरा तापतं. पण दुप्पट दाब दिला तरी फुटणार नाही."

"आणि माझ्यासारखं उतावीळ गिऱ्हाईक आलं तर?"

"तर त्याला थांबायला शिकवीन," ती म्हणाली, आणि उगाचच टॉर्च विझवून पुन्हा लावला.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. सावदा ते धुळे, येताना तीन-साडेतीन तास, जाताना तेवढेच. दोघं पिस्टन मापत, टर्बोचा पाइप वळवत आणि भांडत. तो म्हणे हलकं इंजिन चटकन उसळतं, ती म्हणे टिकलं तर उसळेल ना! 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आबा मात्र चष्म्यावरून बघत अहिराणीत विचारत, "भाऊ, बठ्ठं बरोबर शे ना?" सगळं ठीक आहे ना, एवढंच.

बुधवारी मयुरीला कामच सुचत नसे. शुक्रवारी वर्कशॉप भकास वाटे. तो मात्र इंजिनाशिवाय एक अक्षर बोलायचा नाही... एकदा तिच्या गालावरचं ग्रीस दाखवायला त्यानं बोट पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं. तो न झालेला स्पर्श तिला आठवडाभर जाणवत राहिला.

मे महिन्यात चेन्नईहून तिच्या नोकरीचं पत्र आलं. इंजिनं तपासण्याच्या प्रयोगशाळेत, एक वर्षासाठी. हेच तिला हवं होतं. तरी ती हितेंद्रला सांगत राहिली, अजून एक वॉल्व्ह बघायचाय, अजून एक गॅस्केट...

शेवटी लोखंडी इंजिन गाडीत बसलं. चाचणीला ते जळगावच्या मेहरूण तलावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर गेले. टर्बोनं शिट्टी मारली, गाडी झेपावली, आणि हितेंद्र लहान मुलासारखा ओरडला. थांबल्यावर त्याचा हात किल्लीकडे गेला.

"बंद नको करूस. टर्बो तापून लाल झाला असेल, थंड व्हायला हवा. दोन मिनिटं असंच चालू दे."

इंजिन संथ घुमत राहिलं. तलावावरून वारा आला.

"हितेंद्र... इंजिन तीन आठवड्यांपूर्वीच तयार होतं."

तो समोरच बघत राहिला. "मला माहीत होतं."

"मग नेलं का नाहीस?"

"आणि मग धुळ्याला कशाला आलो असतो?" त्यानं किल्लीवरचा हात काढला. "घराजवळ भुसावळलाही झालं असतं की हे काम. तू आवडतेस मला, मयुरी. पहिल्या दिवसापासून."

तिनं डोळे मिटले. केवढी वाट पाहिली होती या एका वाक्याची... आणि आलं तेव्हा बॅग भरायला घेतली होती.

"मी एक तारखेला चेन्नईला चाललेय. एक वर्ष."

त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. मग म्हणाला, "जा. नाही गेलीस तर जन्मभर माझ्याकडे बघून तुला तेच आठवेल."

"तुला चालेल?"

"नाही चालणार. तरी जा."

मयुरीनं त्याचा हात धरला. काळं तेल दोघांच्याही नखांत होतं.

"मी जायच्या आधी घरी ये," ती म्हणाली. "तुझ्या आईला घेऊन ये. आबांशी बोलायला."

दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. गाडी बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.