दुभाजकातली फट

पेठ गावच्या लोकांना पुणे-नाशिक रस्ता ओलांडण्यासाठी भुयारी मार्ग मिळणार होता, आणि तो कुठे व्हावा हे गावानेच ठरवायचं होतं. मोबाइलवरच्या नकाशात जागेची खूण करायची, तिथेच उभं राहून चार शब्द बोलायचे आणि तो व्हिडिओ पाठवायचा. हे व्हिडिओ गोळा करायचं काम स्वप्नाकडे होतं. पोरगी हुशार, कुणाच्या बापाला न भिणारी. शिवाय तिचा स्वतःचाच जीव त्यात अडकलेला. तिची आई शकुबाई रोज सकाळी दुधाची किटली घेऊन हाच रस्ता ओलांडून डेअरीत जायची.

व्हिडिओ भराभर आले, पण झाडून सगळे पेट्रोल पंपापाशी काढलेले. स्वप्नाने कपाळाला हात लावला. पंपापाशी ओलांडतंय कोण? सगळं गाव तर दुभाजकातल्या फटीतून जातं.

“फटीत बोलायचं नसतं,” शकुबाई हळूच म्हणाली. “लई माणसं गाडीखाली गेली तिथं. मुक्यानं जायचं, मुक्यानं यायचं. आपला आवाज ऐकला, की ती तसाच काढाया शिकत्यात...”

“शिकू देत की. तेवढाच आपला प्रचार.”

त्याच दुपारी स्वप्ना फटीत उभी राहिली. “माझी आई रोज इथूनच जाते,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. तेवढ्यात वाहनांचा आवाज एकदम बंद झाला. जळक्या टायरचा वास तेवढा नाकाशी आला. तिला जरा चमत्कारिक वाटलं, पण तिने व्हिडिओ पुरा केला.

ग्रामसभेत तो भिंतीवर दाखवला आणि फटीचीच जागा पक्की झाली. काम दिवाळीनंतर सुरू होणार होतं. स्वप्ना भलतीच खुशीत होती.

आठवड्याभराने संध्याकाळी नकाशावर फटीपाशी आणखी एक व्हिडिओ दिसला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. त्यात शकुबाई किटली घेऊन रस्ता ओलांडत होती. मागून हाक आली, “आई, थांब...” शकुबाई थांबली. तिच्या पदराला घासून ट्रक गेला.

आवाज स्वप्नाचा होता. त्या दुपारनंतर ती फटीकडे फिरकलीही नव्हती.

“आई... ही हाक कुणाची?”

“तुझीच की,” भाकरी थापता थापता शकुबाई म्हणाली. “तू कुठं पाळतीस बोलायचं न्हाई ते. रोजच हाक मारतीस हल्ली. परवा कडेला थांबवलंस, काल जरा म्होरं, आज पार मधोमध. मला तिथं इचारता येत न्हाई, म्हणून गप ऱ्हाते. काय काम असतं गं तुझं?”